मेहुण्याचे आठ

६ जानेवारी

लोक एक तारखेला संकल्प करतात आणि चारला मोडतात. म्हणून मी मुद्दाम सहाला करतो आहे. संकल्प एकच: सिम्युलेटरमध्ये पायलट असताना कंट्रोल रूममधलं बोलायचं बटण दाबायचं नाही.

गेल्या वर्षी जरा जास्तच दाबलं गेलं. पायलट मंडळींनी लेखी तक्रार केली की कानात सारखं 'डावीकडे, डावीकडे' येत राहतं. मदत करायला गेलो तर ही पावती. असो. या वर्षी तोंडाला कुलूप.

ही वही फक्त माझ्यासाठी. तरी पुढेमागे आठवणी लिहायची वेळ आलीच तर हाताशी असावं म्हणून एकदा नीट मांडून ठेवतो. आमच्या नव्या विमानात पायलटची स्टिक आणि विमानाची शेपटी यांच्यामध्ये तारा नाहीत, कॉम्प्युटर आहे. पायलटने हात हलवला की विमानाने किती वळायचं आणि कसं, हे तो कॉम्प्युटर ठरवतो. कॉम्प्युटरने काय ठरवायचं, हे मी ठरवतो. म्हणजे एका अर्थी विमान मीच उडवतो. पायलट आत बसलेला असतो इतकंच.

परवापासून शेवटच्या चाचण्या. मग खरं उड्डाण.

८ जानेवारी

आमचा सिम्युलेटर म्हणजे हॉलमध्ये कापून ठेवलेलं भंगारातल्या एका विमानाचं नाक. त्याच्यासमोर भिंतभर पडदा. पायलट आत बसतो, पडद्यावर धावपट्टी दिसते, पण विमान मुद्दाम तिच्या एका बाजूला सोडलेलं असतं. जमीन जवळ आली की ऑपरेटर म्हणतो 'आता', आणि पायलटने झटकन सरकून पट्टीवरच्या पांढऱ्या चौकोनात उतरायचं. मग विमानाला आकडा द्यायचा. आमचं शाळेच्या उलट आहे, कमी गुण मिळाले तर पोरगं हुशार. एक म्हणजे लोणी. दहा म्हणजे विमान हातातून गेलं.

आज पहिला नंबर चीफ टेस्ट पायलटचा. चीफ टेस्ट पायलट म्हणजे माझा मेहुणा, हिचा सख्खा मोठा भाऊ. तीन वेळा उतरला. दोनदा चौकोनाबाहेर, एकदा सरळ गवतात. जमिनीजवळ आलं की विमान डावी-उजवीकडे डुलायला लागायचं आणि प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा. मी बटण दाबलं नाही. (तिसऱ्या वेळी दाबलं, पण 'डावीकडे' एवढंच म्हणालो. ते धरत नाही.)

मग त्याने आपला माइक बंद केला आणि काचेतून बोटं दाखवली. एका हाताची पाच, दुसऱ्याची तीन. ही त्याची जुनी सवय. आकडा नेहमी बोटांनी देतो, बोलून नाही.

आठ! माझ्या विमानाला!

बाहेर येऊन म्हणाला की स्टिक हलवली की काहीच होत नाही, म्हणून मी आणखी हलवतो, आणि मग दोन्हीचं मिळून एकदम येतं. घाबरून उलटी फिरवावी तर तेही तसंच उशिरा. विमान माझ्या हाताच्या मागून चालतं, म्हणाला. मी अत्यंत शांतपणे सांगितलं की दादा, उशिरा येतंय ते पडद्यावरचं चित्र, विमान नाही. तो म्हणाला, बरं.

त्याचं हे 'बरं' मी पंचवीस वर्षं ओळखतो. आमचं लग्न ठरलं तेव्हाही याने बहिणीला बाजूला घेऊन, नीट विचार केला आहेस ना, असं विचारलं होतं. हा माणूस मला तेव्हापासून आठच देतो आहे.

९ जानेवारी

हिला सांगितलं. ही म्हणाली, दादाने आठ दिले असतील तर आठच असतील. जेवणात मीठ कमी असलं तर तो कमी म्हणतो, उगाच जास्त म्हणत नाही. माहेरच्या माणसाबद्दल बायकोला विचारणं ही माझीच चूक.

एक गोष्ट मात्र कुणी लक्षात घेत नाही. गेल्या पावसाळ्यात हाच मेहुणा म्हणाला होता की विमान दचकतं, जरा हात लागला की उडी मारतं. म्हणून मी मध्ये फिल्टर घातला. पायलटच्या हाताचे झटके तो गाळून घेतो आणि मऊ करून पुढे पाठवतो. त्याला थोडा वेळ लागतो, हे कबूल. कुठल्याही चांगल्या कामाला लागतो. पण मागणी कुणाची होती? यांचीच! आणि त्या फिल्टरवर मी पेपर लिहिला, तो परिषदेत वाचला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, ते काय उगाच?

१५ जानेवारी

आणखी दोन पायलट झाले. पहिला होयबा. त्याला सगळे होयबाच म्हणतात, तोही ओ देतो. हा कँटीनच्या चहालाही दोन देणारा माणूस. आज खाली उतरून कपाळ पुसलं आणि म्हणाला, सर, सुंदर आहे, सहा. त्याला सर्दी झाली होती अशी मी नोंद करून ठेवली.

दुसऱ्या कॅप्टन बाई. बोलायला मोजक्या. सात दिले आणि हातमोजे काढून तळहात बघत बसल्या.

ऑपरेटरला बोलावून पडद्याच्या चित्राला किती उशीर होतो ते मोजायला लावलं. त्याने मोजलं. म्हणाला, साहेब, डोळ्याची पापणी लवते त्याच्याही आत चित्र येतं, यात काही नाही. मी त्याला मोजायचं यंत्र तपासून घ्यायला सांगितलं. म्हणे गेल्याच महिन्यात नवीन आलं आहे. नवीन यंत्रांवर माझा कधीच विश्वास नव्हता.

१९ जानेवारी

लेकीचा फोन. ती इतक्या लांब शिकायला गेली आहे की आवाज पोचायला वेळ लागतो. मी 'जेवलीस का' विचारतो, तिकडून काही नाही, म्हणून मी परत विचारतो, तेवढ्यात तिचं पहिलं उत्तर येतं, मग दोघं एकदम बोलतो, दोघं एकदम थांबतो, दोघं एकदम 'हां, बोल' म्हणतो. मी आवाज चढवला. नेटवर्क अगदीच रद्दी आहे.

हिला कसं जमतं कोण जाणे. ही एक वाक्य बोलते आणि फोन कानाला लावून गप्प बसते. उत्तर पूर्ण येईपर्यंत हूं की चूं नाही. अर्धा तास गप्पा मारल्या दोघींनी.

शेवटी फोन माझ्याकडे आला तर लेकीचा पहिला प्रश्न, बाबा, मामाने किती दिले? लहानपणी हा तिच्या चित्रांनाही आकडे द्यायचा, पायलटांच्या हिशोबाने. एकदा एका घोड्याला एक दिला होता, ते चित्र अजून फ्रेम करून ठेवलं आहे. मी म्हणालो की चाचण्या चालू आहेत. ते तिला पोचायच्या आत ती म्हणाली, आठ ना? आईने आधीच सांगितलेलं दिसतं.

२२ जानेवारी

शोध लागला!

झालं असं की दुपारी होयबा रिकामा होता, म्हटलं बस आणखी थोडा. दहा वेळा उतरवलं, वीस वेळा उतरवलं. विसानंतर झोके जवळजवळ बंद! त्याने तीन दिले. स्वतःहून! मी फक्त, सहापेक्षा कमी असेल तर मोकळेपणाने सांग, एवढंच म्हणालो होतो.

म्हणजे विमानात दोष नाही, सरावात आहे. इतके दिवस आम्ही पायलटला थेट आणून बसवत होतो आणि तिसऱ्या लँडिंगला आकडा विचारत होतो. हा काय न्याय झाला? घरात नवा पाहुणा आला तर त्यालाही दिव्याचं बटण सापडायला वेळ लागतो. आता नवी पद्धत: आधी भरपूर सराव, मग आकडा. चाचणीच्या नियमांत तसा बदल करून घेतला. साहेबांनी न वाचता सही केली. साहेब म्हणजे प्रकल्पाचे प्रमुख, दूरदृष्टीचे गृहस्थ.

२९ जानेवारी

नव्या पद्धतीने बाईंनी चार दिले. उत्तम. जाताना म्हणाल्या की मी आता ते उडवतच नाही. जमिनीजवळ आलं की स्टिकला एक टिचकी मारते आणि हात आखडून वाट बघते. त्याचं येऊ देते, मग दुसरी टिचकी. हाताला काही करू द्यायचं नाही, हेच अवघड जातं. मी हे वाक्य पायलटच्या पुस्तिकेत 'उतरण्याचं तंत्र' या मथळ्याखाली घातलं. वापरणाऱ्याकडूनच शिकायचं, हे माझं धोरण.

मग मेहुणा. विसाच्या जागी तीस लँडिंग केली. शेवटची दहा चौकोनाच्या अगदी मध्यात. मी पेन उघडून तयार. माइक बंद. काचेतून बोटं. पाच आणि तीन.

मी शिडीपाशी गाठलंच. दादा, दहाच्या दहा बरोबर उतरवलीत! तो म्हणाला, हो, मी शिकलो. विमान नाही शिकलं. आकडा विमानाला द्यायचा असतो ना, मला नाही.

मग खांद्यावर हात ठेवून म्हणाला की इथे चुकलं तर मी उठून चहा प्यायला जातो. तिकडे चुकलं तर हात घट्ट होतो, आणि घट्ट झालेल्या हाताला टिचकी मारता येत नाही. हा फिल्टर काढून टाका. दचकलेलं विमान मी सांभाळतो, झोपलेलं नाही सांभाळता येत.

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटतं तो हळूहळू वळतो आहे.

५ फेब्रुवारी

मीटिंग. वीस माणसं, बिस्किटं, एक लांब टेबल. मी आकडे मांडले. होयबा तीन, बाई चार, सरासरी साडेतीन. चाचणीच्या पुस्तकात ठळक अक्षरांत लिहिलं आहे की या आकड्यांची सरासरी काढू नये, प्रत्येक पायलटचं म्हणणं वेगळं ऐकावं. पुस्तकं घाबरट लोकांसाठी असतात. मेहुण्याचा आकडा बाकीच्यांशी जुळत नव्हता, म्हणून सरासरीत घेतला नाही, तळटीपेत घातला. तळटीप बारीक टाइपात.

साहेबांना ती नेमकी दिसली. म्हणाले, हे आठ कुणाचे? मी म्हणालो, सर, तो आमच्या घरचा मामला आहे. सगळे हसले. मेहुणा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. तो हसला नाही, रागावलाही नाही. त्याने बिस्किटाचा तुकडा बशीत परत ठेवला.

पाहुणे येणार आहेत म्हणून पहिल्या उड्डाणाची तारीख एकवीस ठरली. कोण उडवणार म्हणून विचारलं तर होयबाने हात वर केला. त्याच्याआधी मेहुणा म्हणाला, मी.

मनातल्या मनात मी त्याला माफ केलं. शेवटी त्यालाही माझ्या विमानाचा मोह पडला.

९ फेब्रुवारी

ही रडली. तशी ही रडणारी नाही. म्हणाली, दादाने मला सांगितलं तो का उडवतो आहे ते. होयबाला हे विमान चांगलंच वाटतं, तो बेसावध जाईल. बाईंची पोरं लहान. राहिलं कोण? ज्याला त्यात काय आहे ते माहीत आहे तो. म्हणाली, तुमच्या आकड्यांवर विश्वास नाही म्हणून तो चढतोय, आणि तुम्ही इथे मिशीतल्या मिशीत हसताय.

मग विचारलं की तो फिल्टर काढायला किती वेळ लागतो. मी खरं ते सांगितलं, अर्धा दिवस. मग काढा ना, म्हणाली. किती सोपं वाटतं लोकांना! फिल्टर काढला की सगळ्या चाचण्या पहिल्यापासून. तारीख पुढे जाणार, पाहुणे परत जाणार, साहेब विचारणार की मग इतके दिवस काय केलंत. आणि पेपर? छापून आलेल्या पेपरचं काय?

मी तिला शब्द दिला की पहिलं उड्डाण झालं की लगेच या विषयात लक्ष घालतो. ती उठून गेली. जेवण ओट्यावर झाकून ठेवलं होतं.

१४ फेब्रुवारी

आजचा प्रकार लिहू नये असाच आहे, पण वहीशी खोटं बोलत नाही.

जेवणाच्या सुट्टीत हॉलमध्ये कुणी नव्हतं. मेहुण्याने मला हाताला धरून त्या कापलेल्या नाकात बसवलं आणि स्वतः ऑपरेटरच्या खुर्चीत बसला. म्हणाला, उतरवा. सहा वेळा पाडलं. साहजिक आहे, मी काही पायलट नाही. माझा बूट अडकत होता, खुर्ची पुढे होती. पण मग बाईंची टिचकी आठवली, आणि सातव्यांदा उतरलं! चौकोनात नाही, पण पट्टीवर तर पट्टीवर. मी आतून ओरडलो, बघा दादा, माझ्यासारख्यालाही उतरवता येतं!

तो म्हणाला, पुन्हा. पुन्हा जमिनीजवळ आलो, टिचकी मारली, वाट बघत होतो, एवढ्यात तो कानात जिवाच्या आकांताने ओरडला, आग!

मला वाटलं हॉलला आग लागली. मी स्टिक पकडली. नुसती पकडली. पडद्यावर आभाळ खाली, पट्टी वर, मग सगळा पडदा लाल.

कुठे काही आग नव्हती. तो शिडीवर येऊन उभा राहिला आणि माझी बोटं एकेक करून स्टिकवरून सोडवली, लहान मुलाची सोडवतात तशी. म्हणाला, तिकडे असं असतं. बास. एवढंच दाखवायचं होतं.

या वागण्याबद्दल प्रशासनाकडे तक्रार करायचा विचार आहे. चीफ टेस्ट पायलटला हे शोभतं का? संध्याकाळी चहा दोनदा बशीत सांडला. साखर कमी झाली असावी, तपासून घेतो.

२० फेब्रुवारी, संध्याकाळ

मेहुणा जेवायला आला होता. हिने बोलावलं. स्वयंपाकघराच्या दाराची मूठ कितीतरी दिवस ढिली होती, मी माणूस बोलावणारच होतो. त्याने जेवणाआधी स्क्रूड्रायव्हर मागितला आणि घट्ट करून टाकली.

निघताना मला म्हणाला की उद्या एकच करा. काहीही दिसलं तरी त्या बटणाला हात लावू नका. मी थांबलो असेन तर मुद्दाम थांबलो असेन. मी म्हणालो, दादा, माझा तर वर्षाचा संकल्पच तो आहे! तो म्हणाला, बरं.

आजचं 'बरं' वेगळं वाटलं. थकल्यासारखं.

२१ फेब्रुवारी, सकाळी ६

आभाळ निरभ्र. वारा किंचित. निळा शर्ट, फोटोत चांगला दिसतो. साहेबांनंतर दोन शब्द बोलावे लागतील, ते पाठ केले. 'या यशाचे श्रेय एकट्या माझे नाही' अशी सुरुवात. संकल्प पक्का.

२१ फेब्रुवारी, दुपारी

उड्डाण छान झालं. वरती सगळं छान झालं. हे आधी लिहून ठेवतो.

उतरताना बाजूचा वारा आला. झोके सुरू झाले. एक, दोन, तिसरा मोठा. मग त्याचा हात थांबला. आमच्या कंट्रोल रूममधल्या स्क्रीनवर स्टिकची रेघ एकदम सपाट झाली. तो वाट बघत होता. झोके लहान होत होते, हे मला स्क्रीनवर दिसत होतं. पण विमान पट्टीच्या उजव्या कडेला चाललं होतं, तेही दिसत होतं. त्याला दिसत असेल की नाही, कोण जाणे. खोलीत सगळे नुसते बसून! कुणीतरी काहीतरी करायला नको?

बटण साहेबांच्या पुढ्यात होतं. मी त्यांच्यावरून वाकून दाबलं. एकदाच. 'दादा, डावीकडे' एवढंच म्हणालो.

रेघ एकदम वर गेली.

डावा पंख आधी टेकला. मग धूळ. मग धुळीतून चाक एकटंच पळत आलं आणि पाहुण्यांच्या मांडवाच्या अलीकडे पडलं.

जिवंत आहे. लिहितो पुन्हा, तो जिवंत आहे.

२४ फेब्रुवारी

ही हॉस्पिटलातच आहे. घरी तीन दिवस मी आणि फ्रिज. मेहुण्याचा उजवा हात स्टिक आणि दाराच्या चौकटीमध्ये सापडला होता. मनगटापासून पुढचा ठेवता आला नाही, असं डॉक्टर म्हणाले. गळ्यात नळी आहे, बोलता येत नाही. बाकी सुधारणा आहे.

चौकशी समिती बसली. मी माझं म्हणणं तयार केलं: अनपेक्षित वारा. वाऱ्यापुढे कुणाचं काय चालतं? मग त्यांनी रेकॉर्डिंग लावलं. खोलीतल्या सगळ्यांनी माझा आवाज ऐकला. माझा आवाज इतका बारीक आहे हे मला माहीत नव्हतं.

एकच म्हणणं आहे माझं. पंचवीस वर्षं या माणसाने माझं एक अक्षर ऐकलं नाही. नेमकं त्याच वेळी का ऐकलं?

२७ फेब्रुवारी

बाई ऑफिसात आल्या होत्या. पायलटच्या पुस्तिकेतलं 'उतरण्याचं तंत्र' हे पान फाडून माझ्या टेबलावर ठेवलं आणि गेल्या. होयबा मात्र म्हणाला, सर, तुमची काही चूक नाही. बरं वाटलं. दिवसभर वाटलं. मग कँटीनमध्ये त्याने चहाला दोन दिले.

२ मार्च

समितीच्या फॉर्ममध्ये एक जागा रिकामी होती. प्रत्यक्ष उड्डाणानंतर पायलटने विमानाला दिलेला आकडा. तो असल्याशिवाय फाइल पुढे जात नाही. साहेब म्हणाले, कुणीतरी जाऊन आणा. मी म्हणालो, मी जातो, घरचाच माणूस आहे.

खोलीत ही उशाशी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मेहुणा पाठीवर पडलेला, गळ्यात नळी, चेहरा पिवळट, डोळे मात्र उघडे. मी म्हणालो, दादा, त्रास देत नाही, फक्त आकडा हवा आहे.

त्याने हात वर केला. डावा. पाचही बोटं ताठ, काचेतून दाखवायचा तशी.

मी आभार मानून बाहेर आलो. पाच! आठवरून पाच! बाकावर बसून फॉर्मवर पाच लिहिले आणि हिशोब केला. होयबा तीन, बाई चार, दादा पाच, सरासरी बरोबर चार. आता तळटीपही लागणार नाही. शेवटी त्याने मान्य केलं. कुठेतरी मला ठाऊक होतं की हा माणूस मनाने वाईट नाही.

ही बाहेर आली. विचारलं, किती लिहिले? मी फॉर्म दाखवला. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, त्याने दोन्ही वर केले होते.

केले होते. डाव्याच्या जोडीने चादर उजवीकडेही वर आली होती. बँडेजचा गोळा तेवढ्याच उंचीवर येऊन थांबला होता, आणि मी आकडा घेईपर्यंत तो त्याने खाली जाऊ दिला नव्हता. मी पाहिला होता. पाहिला आणि पाच मोजले.

खोडून दहा लिहिले. ही आत गेली.

मी बाकावरच होतो तेव्हा लेकीचा फोन आला. बाबा, मामाने काही सांगितलं का, असं विचारून ती गप्प राहिली. आईकडून शिकली आहे. मी म्हणालो, दहा. तो शब्द तिला पोचायला वेळ लागतो. तोवर मी काही बोललो नाही.